माझ्या आजाराची बातमी, सर्वांत शेवटी मला

मला कॅन्सर झाला आहे, हे मला गिरडची टेकडी उतरताना कळलं. सांगितलं माझ्या नवऱ्याच्या आत्यानं, तेही चुकून. तोवर माझी डावी किडनी काढून अर्धं वर्ष उलटलं होतं.

त्या गोष्टीला आता बराच काळ झाला. माझा राग एव्हाना गेला असेल, असं लोकांना वाटतं. गेलेला नाही. मुळात तो घालवावा असं मला वाटत नाही.

मी समुद्रपूरच्या एका शाळेत नववी-दहावीला विज्ञान शिकवते. माझा नवरा तालुक्याच्या एका सरकारी कार्यालयात कारकून आहे. मुलगी पुण्यात नोकरी करते. घरात आम्ही दोघंच. दोन खोल्या, एक हॉल आणि मागे धुणं वाळत घालायला जागा. एवढ्याशा घरात एक माणूस दुसऱ्या माणसापासून त्याचा स्वतःचा आजार अर्धं वर्ष लपवून ठेवू शकतो, हे मला कुणी सांगितलं असतं तर पटलं नसतं.

झालं असं, की संक्रांतीच्या सुमारास माझ्या लघवीतून रक्त गेलं. काही दुखलं नाही, खुपलं नाही. एकदा गेलं आणि थांबलं. थोड्या दिवसांनी पुन्हा गेलं, तेव्हा मी नवऱ्याला सांगितलं. हिंगणघाटला सोनोग्राफी झाली. तिथल्या डॉक्टरांनी नागपूर गाठायला सांगितलं. नागपूरला स्कॅन झाला आणि रिपोर्ट बघायला आत बोलावलं, तेव्हा नवरा उठून मला म्हणाला, "तू बस इथंच. मी आलोच."

मी बसले. तो बऱ्याच वेळानं बाहेर आला. तोंड धुऊन आला होता, शर्टाची कॉलर ओली होती.

"किडनीत पू झाला म्हणते," तो म्हणाला. "जुनं इन्फेक्शन हाये. ते किडनी काही कामाची नाई राह्यली. काढा लागते."

"अन् दुसरी?"

"दुसरी एकदम चांगली हाये. एका किडनीवर लोकं म्हातारे होते."

मी विश्वास ठेवला. पू झाला तर ताप येतो, हे मी मुलांना दरवर्षी शिकवते आणि मला ताप नव्हता. ते माझ्या मनात आलंही होतं. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी डॉक्टर राउंडला आले, तेव्हा मी त्यांना विचारलं. "कधी कधी नाही येत ताप," असं म्हणून ते शेजारच्या खाटेकडे वळले. म्हणजे नवऱ्यानं सांगितलेलं खोटं मी डॉक्टरांकडून तपासून घेतलं आणि डॉक्टरांनी त्याच्यावर शिक्का मारला. यापुढे पेशंटनं आणखी काय करायचं असतं?

ऑपरेशनच्या कागदांवर सह्या नवऱ्यानं केल्या. मला कुणी विचारलं नाही.

किडनीच्या कॅन्सरला सहसा किमो देत नाहीत, हे मला नंतर कळलं. गाठ किडनीतच असेल तर किडनी काढतात आणि पुढे वरचेवर स्कॅन करून लक्ष ठेवतात. केस गळत नाहीत, उलट्या होत नाहीत. त्यामुळे लपवणाऱ्यांची फार सोय झाली. दुसरा एखादा कॅन्सर असता, तर माझ्या टकलानंच मला सांगितलं असतं.

घरी आल्यावर माणसं भेटायला येऊ लागली. मी खोलीतून हॉलमध्ये आले की बोलणं थांबायचं. बायका माझा हात हातात घ्यायच्या आणि सोडायच्याच नाहीत. जन्मात चहा न केलेला नवरा सकाळी माझ्या उशाशी चहा आणून ठेवू लागला. मुलगी दर महिन्याला यायला लागली आणि मी भाजी निवडत असले की समोर बसून माझ्याकडे नुसती बघायची. "काय पाहून राह्यली?" म्हटलं की "काही नाई आई" म्हणून उठून जायची.

सगळ्यात वाईट गोष्ट वेगळीच होती. दवाखान्यातून आल्यापासून नवरा हॉलमध्ये झोपू लागला. "तुह्या टाक्यांले धक्का लागन," म्हणाला. टाके सुकले, तरी तो परत आला नाही. माझ्या बरगडीखालून पोटापर्यंत एक जाड व्रण आहे. मी न्हाणीघराची कडी लावून आरशात तो व्रण पाहायची आणि मनाशी म्हणायची, याला आपली किळस आली. पन्नाशीला आलेल्या बाईनं असलं मनात आणू नये, हेही स्वतःला बजावायची. पण यायचं.

जूनमध्ये शाळा सुरू झाली. मुख्याध्यापकांनी माझे दहावीचे तास काढून मला पाचवी-सहावी दिली. "मॅडम, जरा हलकं काम," म्हणाले. मला वाटलं, आपलं शिकवणं घसरलं. शिक्षकांच्या खोलीत मी गेले की एखादी खुर्ची माझ्यासाठी आधीच ओढलेली असायची. त्या खुर्चीचाही मला अपमान वाटायचा आणि का वाटतो ते कळायचं नाही. मला काहीएक कारण नसताना रडू यायचं. जिन्याच्या वरच्या पायरीवर पोचले की दम लागायचा, अंगातून जीव ओढून घेतल्यासारखं व्हायचं. माझ्याच आयुष्यात काहीतरी घडत होतं आणि मी एकटी त्याची कारणं शोधत होते. एकही कारण बरोबर निघालं नाही. बरोबर कारण सगळ्या गावाच्या खिशात होतं.

श्रावणात नवऱ्याची आत्या हिंगणघाटहून आली. माझं ऑपरेशन नीट होऊ दे म्हणून तिनं गिरडच्या टेकडीवरच्या बाबाच्या दर्ग्याला नवस बोलला होता, तो फेडायचा होता. आम्ही तिघं गाडी करून गेलो. नवऱ्याचे गुडघे दुखतात म्हणून तो खाली थांबला. मी आणि आत्याबाई वर गेलो, चादर चढवली, थोडा वेळ वाऱ्यात बसलो. त्या दिवशी मला खरोखर बरं वाटत होतं. खाली पसरलेली हिरवी शेतं दिसत होती. उतरताना आत्याबाईंनी माझा दंड धरला होता, मी त्यांना सांभाळत होते की त्या मला, कोण जाणे.

"आता काही चिंता नको करू माय," त्या म्हणाल्या. "बाबाच्या दारी येऊन गेली तू. कॅन्सर काय, त्याचा बापही पळून जाईन."

मी थांबले. "कोनाले कॅन्सर हाये, आत्याबाई?"

त्यांनी तोंडाला पदर लावला. "कोनाले नाई वो. असंच म्हटलं."

"आत्याबाई, माझ्याकडं पाहा."

त्यांनी पाहिलं नाही. त्या तिथेच एका दगडावर बसल्या आणि रडायला लागल्या. पुढे काही विचारायची गरज उरली नाही. मी उभी होते. वर जाणारी माणसं आमच्याकडे बघत बाजूनं जात होती. मला चक्कर आली नाही, पायाखालची जमीन सरकली वगैरे काही झालं नाही. मागच्या सहा महिन्यांतली एकेक गोष्ट तेवढी खटाखट आपापल्या जागी बसत गेली. चहा. खुर्ची. मुलीचं बघणं. हॉलमधली झोप. आणि प्रत्येक गोष्टीबरोबर माझा राग वर चढत गेला.

खाली नवरा फुटाण्यांची पुडी घेऊन गाडीला टेकून उभा होता. "घे," म्हणून त्यानं पुडी पुढे केली. मी गाडीत जाऊन बसले. घर येईपर्यंत मी बोलले नाही, कारण गाडी परक्याची होती आणि चालवणारा गावातला होता. गंमत म्हणजे त्यालाही माहीत होतं, असं पुढे कळलं.

स्वयंपाकघरात पोचल्यावर मी विचारलं, "मले कॅन्सर हाये?"

नवऱ्यानं आत्याकडे पाहिलं.

"तिकडं काय पाहून राह्यले? मी इथं हावो."

"होता," तो म्हणाला. "होता. काढला. आता नाई."

"कोनाकोनाले माहीत हाये?"

मी एकेक विचारत गेले. मुलीला? हो. माझ्या भावाला? हो. शाळेत? मुख्याध्यापकांना सांगावं लागलं, तिथून बाकीच्यांना कळलं असेल. शेजारच्या काकूंना? हो. "अन् दूधवाल्याले?" मी विचारलं ते खरं तर टोमणा म्हणून.

त्याला तो खरा प्रश्न वाटला. "त्याले मी नाई सांगतलं. कोनीतरी सांगतलं असन."

ओट्यावर तुरीच्या डाळीचा डबा होता, तो मी उचलून भिंतीवर फेकला. आयुष्यात पहिल्यांदा मी घरात काही फेकलं. डाळ सगळीकडे झाली. आत्याबाई खाली बसून रडत रडत ती गोळा करू लागल्या.

"मंग मलेच काऊन नाई?" मी ओरडले. "मी विज्ञान शिकवतो तिकडं! किडनी काय असते, ते मले नाई कळत?"

"तुले सहन झालं नसतं. तू खचून गेली असती. डॉक्टर बी म्हणे का पेशंटचं मन चांगलं राह्यलं पायजे."

"अन् होतं चांगलं? तुमी त्या हॉलमधी झोपून राह्यले. मले वाटलं, मी नकोशी झाली तुमाले. तुमाले माझी किळस आली, असं वाटलं मले."

हे त्याच्या ध्यानीमनीही नव्हतं. "मले रडू ये," तो म्हणाला. "तुले आवाज जाऊ नये म्हणून मी तिकडं झोपे."

मला वाईट वाटलं, ते खोटं सांगणार नाही. पण दुसऱ्याच क्षणी अधिकच राग आला. हा माणूस माझ्यासाठी सहा महिने रडला आणि त्यातलं एक टिपूसही त्यानं माझ्यापर्यंत येऊ दिलं नाही. आम्ही दोघं एका भिंतीच्या दोन बाजूंना रडत होतो, तो कॅन्सरसाठी आणि मी त्याच्या किळसेसाठी. हे काळजी घेणं असेल, तर ते मला नको होतं.

दुसऱ्या दिवशी शाळेत मी गणिताच्या बाईंना प्रयोगशाळेत बोलावलं. ती माझी जुनी मैत्रीण. आमचे डबे रोज एकत्र उघडतात.

"तुले माहीत होतं?"

तिचा चेहराच सांगत होता. "तुह्या मिस्टरनं शपथ घातलती मले," ती म्हणाली.

"मी रोज तुले म्हणत होती, मले एवढं रडू काऊन येते. तू काय म्हणे? बी ट्वेल्व्ह कमी असन म्हणे."

ती रडायला लागली. आत्याबाई रडल्या, नवरा रडला, आता ही. फोनवर मुलगी रडली, भाऊ रडला. प्रत्येकाची समजूत घालायचं काम माझ्याकडे आलं. मी त्या दिवशी तिची समजूत घातली नाही. प्रयोगशाळेला बाहेरून कडी लावायची सवय, ती लावता लावता मी थांबले आणि तिला आत सोडून तशीच निघून आले. पुढचे कित्येक दिवस माझा डबा मी वर्गात खाल्ला.

मुख्याध्यापकांना मी दहावीचे तास परत मागितले. त्यांनी तब्येतीचं काढलं. मी म्हणाले, तब्येत माझी आहे, झेपलं नाही तर मीच येऊन सांगेन, तुम्ही माझ्या वतीनं थकू नका. दिवाळीनंतर तास परत मिळाले.

मग मी एकटी नागपूरला गेले. समुद्रपूरहून जामच्या चौरस्त्यापर्यंत एक बस, तिथून हायवेवरची दुसरी. नवरा स्टँडपर्यंत मागे मागे आला, मी त्याला चढू दिलं नाही. डॉक्टरांनी मला बघितलं आणि माझ्या खांद्यावरून दाराकडे नजर टाकली. "मिस्टर नाही आले?"

"नाही. किडनी माझी होती."

ते जरा हसले. मी हसले नाही. आपल्याकडे नातेवाइकांची तशीच इच्छा असते, घरोघरी असंच चालतं, पेशंट घाबरतो, असं त्यांनी समजावलं. मी म्हटलं, तुम्ही मला खोटं सांगितलंत. ताप कधी कधी येत नाही म्हणालात. मी विचारलेल्या प्रश्नाचं तुम्ही चुकीचं उत्तर दिलंत. माझ्या वर्गात मुलं असं उत्तर देतात तेव्हा त्यांना ते माहीत नसतं. तुम्हाला माहीत होतं.

मग त्यांनी सगळं सांगितलं, आणि नीट सांगितलं, हे कबूल करायला हवं. गाठ केवढी होती, कुठपर्यंत होती, पुन्हा येऊ शकते, आली तर बहुतेक फुप्फुसात किंवा हाडांत, म्हणून स्कॅन चुकवायचा नाही. दुखण्याच्या गोळ्या मनानं घ्यायच्या नाहीत, एकच किडनी आहे. हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कुणी सांगितलं. ऑपरेशननंतर पाठ भरून आली की मी औषधांच्या दुकानातून गोळी आणून खात होते.

शेवटी मी विचारलं, मला झोप लागत नाही, रडू येतं, थकवा जात नाही, पुढच्या स्कॅनचा विचार आला की घास उतरत नाही, याचं काय करायचं?

"पॉझिटिव्ह राहा," ते म्हणाले. "योगा करा. मन रमवा."

"याच्यासाठी कोणी डॉक्टर असतो का?"

त्यांनी पुढच्या पेशंटसाठी घंटी दाबली.

या 'पॉझिटिव्ह राहा'चा मला सगळ्यात जास्त राग आहे. गाठीसाठी मशीन आहे, सुरी आहे, औषध आहे. मनासाठी दोन शब्द, तेही दार दाखवता दाखवता. आणि त्या दोन शब्दांत एक धमकीही आहे. उद्या गाठ परत आली, तर तुम्हीच पॉझिटिव्ह राहायला कमी पडलात.

वर्ध्याला एक मानसोपचाराच्या डॉक्टर बाई बसतात, त्यांचा पत्ता मी स्वतः काढला. घरात विरोध झाला. "लोकं काय म्हणतीन? येडी झाली म्हणतीन," नवरा म्हणाला. मी म्हटलं, लोकांना तुम्ही आधीच भरपूर सांगून ठेवलंय, हेही सांगा. त्या बाईंनी पहिल्यांदा मला विचारलं, "तुम्हाला काय वाटतं ते सांगा," आणि त्या खरोखर थांबल्या. मी बोलले नाही तरी थांबल्या. मग मी सांगितलं, की मला भीती कमी वाटते आणि राग जास्त येतो, माझं डोकं ठिकाणावर आहे ना? त्या म्हणाल्या, "तुमच्याबाबतीत जे झालं त्याचा राग आला नसता, तर मला काळजी वाटली असती." बस. त्या वाक्यानं काही बरं झालं नाही, पण त्या दिवशी वर्ध्याहून परतताना मी बसमध्ये झोपले. शेजारच्या बाईनं जाम आल्यावर उठवलं.

नवऱ्याला मी एकच अट घातली. पुढे जे कळेल, ते दोघांना एकदमच कळेल. कुणी बाहेर बसणार नाही. त्यानं मान हलवली. तो पुन्हा खोलीत झोपायला आला तोही त्याच सुमारास, काही न बोलता, उशी काखेत घेऊन.

स्कॅनच्या आधीचे दिवस मात्र दरवेळी तसेच जातात. मी भाजीत मीठ दोनदा घालते. मुलांच्या वह्या तपासताना एकच ओळ पुन्हा पुन्हा वाचते. नवरा टीव्हीचा आवाज वाढवतो, मी तो बंद करते, त्यावरून आमचं कडाक्याचं भांडण होतं. रिपोर्ट चांगला आला की आम्ही नागपूरला डोसा खातो आणि परतीच्या बसमध्ये दोघंही मुक्यासारखे बसतो. लोकांना वाटतं, रिपोर्ट चांगला म्हणजे संपलं. त्यांना कसं सांगू, की चांगला रिपोर्ट म्हणजे फक्त पुढच्या रिपोर्टपर्यंतची मुदत.

एका स्कॅनमध्ये ती मुदत संपली. उजव्या फुप्फुसात बारीक ठिपके दिसले. डॉक्टरांनी फिल्म बाजूला ठेवली, खुर्ची जरा वळवली आणि नवऱ्याकडे बघून बोलायला सुरुवात केली. सवय जात नाही. नवऱ्यानं माझ्याकडे बोट केलं. तो म्हणाला, "साहेब, मले नका सांगू. तिले सांगा."

मी खूप रागीट बाई झाले आहे असं तो आता पाहुण्यांना सांगतो, आणि ते खरं आहे. पण त्या दिवशी त्या खोलीत मी टेबलाखाली त्याचा हात धरला होता, हेही खरं आहे.

तेव्हापासून मी गोळ्या खाते. किमो नाही, नुसत्या गोळ्या आहेत, म्हणजे बरंच आहे, असं मला भेटणारा प्रत्येक जण म्हणतो. त्यांनी त्या खाऊन बघाव्यात. तळहात आणि तळपाय सोलतात. खडू धरला की बोटं भाजल्यासारखी होतात, म्हणून मी सुती हातमोजे घालून फळ्यावर लिहिते. तोंडात फोड येतात, तिखट भाजीचा वासही नको होतो. आणि विदर्भात राहून तिखट नको म्हणणं म्हणजे प्रत्येक पंगतीत खुलासा देत बसणं. केस मुळापासून पांढरे झाले. वर्गातल्या एका मुलीनं विचारलं, मॅडम, तुम्ही मेंदी लावणं सोडलं का? मी तिला खरं कारण सांगितलं. मग सगळ्या वर्गानं इतके चांगले प्रश्न विचारले, की मूत्रपिंडाचा धडा तीन तास चालला. पंधरा वर्षांच्या मुलांना जे ऐकवतं, ते पन्नास वर्षांच्या माणसांना का ऐकवत नाही?

"तुम्ही फार हिंमतवान," असं मोठी माणसं म्हणतात. मी हिंमतवान नाही. मला ते म्हटलं, की त्यांना पुढचं विचारावं लागत नाही, एवढंच.

ठिपके सध्या वाढलेले नाहीत. डॉक्टर त्याला 'स्थिर' म्हणतात. मी गणिताच्या बाईंबरोबर पुन्हा डबा खाते. तिनं माफी मागितली नाही आणि मीही मागायला लावली नाही. एक दिवस तिनं न विचारता माझ्यासाठी बिनतिखटाचं पिठलं आणलं आणि म्हणाली, "आज कसं वाटते, खरं सांग." मी म्हटलं, वाईट. ती म्हणाली, "बरं." आणि आम्ही जेवलो.

या हिवाळ्यात तळेगावहून फोन आला. माझ्या मावशीचे यजमान तिथे राहतात. मावशी गेली, मावसाजी मुलाजवळ असतात, थोडी संत्र्याची बाग आहे. मावसभाऊ फोनवर दबक्या आवाजात बोलत होता.

"ताई, बाबाले बी किडनीचंच निघालं. तुयासारखं. आमी त्याइले सांगतलं नाई. मुतखडा हाये म्हणून सांगतलं. तू भेटाले येजो, पण काही बोलू नोको."

मी फोनवरच त्याला फाडून खाल्ला असता. पण मी म्हटलं, येते. वर्धा, आर्वी आणि पुढे तळेगाव. सगळा रस्ता मी त्याला काय काय सुनावायचं, ते मनात घोकत गेले.

मावसाजी बागेच्या कडेला खाटेवर उन्हात बसले होते. बरेच वाळले होते. मुलगा मला त्यांच्याजवळ बसवून चहा सांगायला घराकडे गेला. जाताना त्यानं मला डोळ्यांनी खुणावलं.

तो लांब गेल्यावर मावसाजी म्हणाले, "तुले बी किडनीचंच झालं होतं ना, बाई?"

"हो."

"मले बी तेच हाये. मुतखडा नाई तो. सोनोग्राफीवाला पोरासंग कुजबुज करत होता, तवाच समजलं मले."

मी विचारलं, "मंग त्याले काऊन नाई सांगतलं?"

"त्याले वाटते, मी घाबरीन. मले वाटते, तो घाबरन. चालू हाये तसंच." त्यांनी एक संत्रं सोलायला घेतलं, पण बोटांत जोर नव्हता. "तो माह्यासमोर हासते. मी बी हासतो. लय थकवा येते बाप्पा त्याचा. आजाराचा नाई येत एवढा."

घोकून आणलेलं सगळं माझ्या डोक्यातून निघून गेलं. मी विचारलं, "त्याले बोलावू का? तुमी म्हणाल तरच."

त्यांनी हातातलं संत्रं खाटेवर ठेवलं. "बोलाव," म्हणाले.

भाऊ चहाचा ट्रे घेऊन येत होता. मी म्हटलं, "ट्रे ठेव अन् बस. तुह्या बाबाले सगळं माहीत हाये."

त्यानं वडिलांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "ताई, तुले सांगतलं होतं ना मी," तो चिडून म्हणाला.

"तिच्यावर नको चिडू," मावसाजी म्हणाले. "मीच सांगतलं तिले. आता तू सांग. डावी हाये का उजवी?"

"उजवी," भाऊ म्हणाला आणि रडायला लागला.

मावसाजींनी त्याला रडू दिलं. मग म्हणाले, की बागेतली संत्री उतरवल्याशिवाय आपण ऑपरेशन करणार नाही. भाऊ रडता रडता एकदम ओरडला, बाग गेली चुलीत, पुढच्याच आठवड्यात जायचं. मावसाजी म्हणाले, बाग माझी आहे आणि पोटही माझंच आहे. भाऊ म्हणाला, डॉक्टरांनी थांबू नका म्हटलंय. "मंग डॉक्टर हे काऊन नाई बोलला माह्यासंग? मी काय तिथं खुट्यासारखा बसलो होतो?" मावसाजींचा आवाज चढला, त्या वाळलेल्या देहातून इतका मोठा आवाज येईल असं वाटलं नव्हतं. घरातून सून धावत आली. तीही भांडणात पडली. ती सासऱ्यांच्या बाजूनं बोलू लागली, तशी भाऊ तिच्यावर उखडला.

ऑपरेशन शेवटी महिन्याभरात झालं, निम्मी बाग उतरवून. मावसाजी आता फोनवर मला त्यांच्या टाक्यांच्या तक्रारी सविस्तर सांगतात. पण त्या दिवशी काहीच ठरलं नव्हतं. माझा चहा गार झाला होता. ते तिघं एकमेकांवर ओरडत होते, आणि मी त्यांना थांबवलं नाही.